काढून ठेवलेला वॉल

धनंजयने इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढून नागसेन मिस्त्रीच्या नाकापुढे धरलं. आतून पांढुरका फेस जमला होता.

"नागसेनभाऊ, इंजिनात दही लावलं काय?"

"पाणी धरलं ऑइलानं," नागसेन म्हणाला. "ते गरमच होऊन नाई राह्यलं."

धनंजयचं कापडाचं दुकान वर्ध्यात, घर पिपरी मेघ्यात. त्याची तांबडी स्पोर्ट्स कार अडीचशेचा वेग घेऊ शकते. वाटेतले चौदा गतिरोधक घेऊ देत नाहीत. तरी उन्हाळ्यात ऑइल तापतं म्हणून त्याने चौकशी करून ऑइल थंड करणारा थर्मोस्टॅटवाला कूलर मागवला होता. ऑइल तापेपर्यंत त्याचा वॉल, म्हणजे झडप, कूलरची वाट बंद ठेवतो, तापलं की उघडतो.

मे महिन्यात कूलर बसवताना नागसेनने तो वॉल काढून ठेवला आणि नळ्या सरळ जोडल्या. विचारलं नाही. या उन्हात प्रत्येक गाडीचा थर्मोस्टॅट तो छत्तीस वर्षं काढत आला होता. त्यात विचारायचं काय? आता डिसेंबर होता, आणि थंडीतही सगळं ऑइल कूलरमधूनच फिरत होतं.

"कंपनीचा मालच फालतू," धनंजय म्हणाला. "उद्या वापस पाठवतो. तुमच्या हातात खोट नाई, मले मालूम आहे."

नागसेन गप्प राहिला. ते फारच सोपं गेलं.

संध्याकाळी त्याने वॉल घरी नेऊन पाण्यात टाकला आणि गॅस पेटवला.

"माह्या चहाच्या गंजात लोखंड काऊन शिजवून राह्यले?" त्याच्या बायकोने, भागीरथाने, विचारलं.

"खराब असन हा. पाहून राह्यलो."

तो खराब निघावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. उकळी फुटायच्या जरा आधी वॉल सावकाश उघडला. गार पाण्यात मिटला. नागसेनने त्याला तीनदा संधी दिली. तिन्ही वेळा तो इमानदार निघाला.

"सांगून टाका त्याले," सगळं ऐकून भागीरथा म्हणाली.

"लोक काय म्हणतीन? छत्तीस वर्षं..."

"मंग सदतिसावंही तसंच जाऊ द्याचं काय?"

सकाळी त्याने फोन केला. "माल वापस करू नका, भाऊ. वॉल म्याच काढलता."

"काऊन?"

"सवय."

दुपारपर्यंत वॉल जागेवर बसला, ऑइल बदललं. धनंजय गाडी घेऊन गेला. जाताना नेहमीसारखा हात मात्र केला नाही.

फेब्रुवारीत जुने गिऱ्हाईक बंडूजी टेम्पो घेऊन आले. "नागसेनभाऊ, उन्हाळ्याच्या आधी वॉल काढून टाका याचा."

"नाई काढत. रेडिएटर साफ करून देतो."

"माह्या जुन्या टेम्पोचा तर तुम्हीच काढलता!"

"चुकलो तवा."

वय झालं की माणसाचं असं होतं, अशा मायेने बंडूजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि टेम्पो समोरच्या गॅरेजात लावला. नागसेन खुर्ची ओढून दारात बसला. समोरचा मिस्त्री एकेक पाना लावून पाहत होता. एकही बसत नव्हता. तेरा नंबरचा लागतो, हे नागसेनला इथूनच दिसत होतं.