मास्तरांनी रुळवलेली खोगिरं

घोडेस्वारीच्या त्या शाळेत मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी भिंगरी घोडीला नाठाळ म्हटलं आणि तिचं नशीब ठरलं. शनिवारी तिला विकायला न्यायची होती. पाठीवर माणूस बसला की वीसएक पावलं ती गुणी बाळासारखी चालायची आणि मग पाठीची कमान करून अशा उसळ्या मारायची, की बसणाऱ्याने देव आठवावा. महिन्यापूर्वी तिने मास्तरांच्या सख्ख्या भाचीला पाडलं आणि पोरीचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

मास्तरांनी दवाखान्यातच निकाल देऊन टाकला होता. घोडी नाठाळ आणि भाची निष्काळजी. "मामा, मी काहीच केलं नाही हो," असं पोर दोनदा म्हणाली. मास्तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. पोरीच्या आईने, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीने, ते ऐकलं आणि झोळीत हात अडकवलेल्या लेकीला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले. तेव्हापासून भाची मैदानाकडे फिरकली नव्हती.

विकण्याआधी तब्येतीचा दाखला लागतो, म्हणून जनावरांची डॉक्टरीण आली. दात बघेल, सही करेल आणि चहा पिऊन जाईल, असा मास्तरांचा अंदाज. पण बाई चिवट निघाली. तिने दात पाहिले, खूर ठोकून पाहिले, मग घोडीच्या पाठीवरून बोटं दाबत नेली. डाव्या खांद्यामागे बोटं पोचताच भिंगरीने अंग चोरलं आणि कान मागे पाडले. उजवीकडे तेवढ्याच जोराने दाबलं, तर ढिम्म.

"हिला दुखतंय," डॉक्टरीण म्हणाली. "नाठाळपणा नाही हा."

तिने मैदानावर रेघा मारायची फक्की मागवली. खोगिराच्या खालच्या दोन्ही गाद्यांना ती फासली, खोगीर भिंगरीच्या काळ्या पाठीवर चढवून पोटाखालचा तंग आवळला, तिला जराशी फिरवली आणि खोगीर अलगद उचललं. उजवीकडे लांब, एकसारखा पांढरा पट्टा उमटला होता. डावीकडे तळहाताएवढा एकच दाट डाग, नेमका दुखत होतं तिथे. गादीतली लोकर त्या जागी दबून दबून दगड झाली होती.

खोगीर तर अजून वर्षाचंही नव्हतं. डॉक्टरणीने खोगिरांच्या खोलीतली बाकीची सहाही खाली काढली, उलटी केली, दाबून पाहिली. सगळी डावीकडे, त्याच जागी घट्ट. मग ती इतर घोड्यांकडे गेली. प्रत्येकाने डाव्या खांद्यामागे हात लागताच अंग चोरलं. ते बिचारे इतकी वर्षं मुकाट सोसत होते, एवढंच.

मास्तरांची कानशिलं तापली. डॉक्टरणीला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. शाळेत नवं खोगीर आलं की पहिला महिनाभर त्यावर फक्त मास्तर बसत आणि मगच ते विद्यार्थ्यांना मिळे. 'मास्तरांनी रुळवलेलं खोगीर' हा शाळेचा मोठा तोरा होता. आणि नऊ वर्षांपूर्वी, घोड्यावरून उभ्या जन्मात न पडलेला हा माणूस माळ्यावरची गादी काढताना स्टुलावरून पडला होता. लोक हसतील म्हणून बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही, उपचार अर्धेच टाकले, आणि तेव्हापासून मास्तर डावीकडे कलून बसत. 'ताठ बसा, ताठ बसा' म्हणून मैदान डोक्यावर घेत, तेही कललेलेच.

"कुणी भरली ही खोगिरं?" डॉक्टरणीने विचारलं.

"आमचा खोगीरवाला आहे ना म्हातारा," मास्तर म्हणाले. "हल्ली कच्चं काम करतो."

तिने मान डोलावली, फोन काढला आणि त्याचा नंबर मागितला. मास्तरांनी खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. आधी घोडी, मग भाची आणि आता तीस वर्षं इमानाने टाके घालणारा तो म्हातारा. चोर सोडून संन्याशाला सुळी देताना निदान एका संन्याशावर तरी थांबावं माणसाने. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"त्याला नका फोन करू, डॉक्टर," ते म्हणाले. "त्याचं काम चोख आहे. मी वाकडा बसतो. ही सगळी मीच बिघडवलीत."

डॉक्टरणीने त्यांना लाकडी घोडीवर खोगीर टाकून बसायला लावलं आणि मागून बराच वेळ पाहिलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. दाखला मिळणार नाही म्हणाली, सगळी लोकर बदला म्हणाली, भिंगरीला दोन महिने विश्रांती द्या, आणि कंबर दाखवल्याशिवाय तुम्ही कुठल्याही जनावरावर बसू नका, असंही म्हणाली. मास्तरांनी शाळकरी पोरासारखं होय होय केलं.

भिंगरी वाचली. पण अवघड काम पुढेच होतं. संध्याकाळी मास्तर बहिणीच्या घरी गेले. भाचीने एका हाताने दार उघडलं. बसलो तर धीर सुटेल म्हणून त्यांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. स्टूल, कंबर, खोगीर, आणि घोड्यांच्या दुखऱ्या पाठीसुद्धा.

"तुझी चूक नव्हती, पोरी," ते म्हणाले. "माझी होती. दवाखान्यात मी तुला नको ते बोललो."

भाचीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा काही निवळला नाही.

"हे आईला सांगा," ती म्हणाली.

बहीण ओट्यापाशी भांडी विसळत होती. मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना लाज कमी होईल असं त्यांना वाटलं होतं, पण ती वाढलीच. बहिणीने नळ बंद केला.

"तू कलून बसतोस ते मला ठाऊक आहे, दादा," ती म्हणाली. "नऊ वर्षं बघतेय. मैदानावर सगळ्यांनाच दिसतं. पण तुला सांगणार कोण?"

मास्तर उंबरा ओलांडून आत आले.

"मग त्या दिवशी तू पोरीला का बोललीस?"

बहिणीने हात पुसले. दारामागे उभ्या असलेल्या लेकीकडे बघायचं तिने टाळलं.

"तू म्हणालास म्हणून."