अंगालगतचा चेंडू

आठवा डाव माझा होता. सात वर्षं शिझुओकाच्या बेसबॉल मैदानावर आठव्या डावात चेंडू टाकायला बदली पिचर म्हणून जो उतरायचा तो मी, कुरामोची. मग खांदा गेला आणि क्लबने मला सामन्यांचे व्हिडिओ तपासायच्या खोलीत बसवलं. माझ्या जागी आला मिनेगिशी. वय चोवीस. मी थोरला, म्हणून रोज सकाळी दारात कमरेत वाकणार आणि विचारणार, "सेनपाई, काल माझं काय चुकलं?"

थोरल्याला मान देणारं ते 'सेनपाई' कानावर पडलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू? पोरगं माझ्याहून सरस होतं, तेच पोटात दुखायचं.

एकाच बॅटरपुढे त्याची शेळी व्हायची. त्सुरुमाकी. अकरा वेळा समोरासमोर आले, त्यात आठ वेळा त्याने ह्याला धुतला.

शनिवारी आमचा कोच ओरिकासा खोलीत आला. "कुरामोची, काय भानगड आहे ती शोध. उद्या त्सुरुमाकीकडून पुन्हा मार खाल्ला तर त्याला दुय्यम संघात धाडतो."

मनात म्हटलं, धाड की!

तरी शोधलं. भाताचा गोळा खात एकेचाळीस चेंडू पाहिले. एकही त्सुरुमाकीच्या अंगालगत नाही, सगळे बाहेर, अंगापासून लांब. मग आठवलं, दोघे एकाच शाळेचे, त्सुरुमाकी दोन वर्षं पुढे, म्हणजे ह्याचा सेनपाई. मिनेगिशीने तिथे त्याचे मोजे धुतले होते, त्याच्या आधी कधी घास घेतला नव्हता. अशा माणसाच्या बरगडीजवळ हा चेंडू कसा टाकणार? लागला म्हणजे? त्सुरुमाकी पक्का बेरकी. बॅटरपुढच्या जमिनीतल्या प्लेटला चिकटून, बाहेर वाकून खुशाल उभा राहायचा.

उपाय एका वाक्याचा होता. अंगालगत टाक.

रविवारी सकाळी मिनेगिशी कॉफीचे दोन डबे घेऊन आला. माझा बिनसाखरेचा, हेही मेल्याच्या लक्षात.

"सापडलं का काही, सेनपाई?"

वाक्य जिभेवर होतं. पण त्याचा तो धडधाकट खांदा दिसला आणि माझं डोकं फिरलं.

"अजून बाहेर टाक. पार कोपऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीला."

तो थबकला. "अजून... बाहेर?"

"का रे? आता तू मला शिकवणार?"

"छे छे, सेनपाई! तिथेच टाकतो."

दुपारी आठव्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्सुरुमाकी आला. बॅटरमागे बसलेल्या आमच्या कॅचरने खुणेने चेंडू आत, अंगालगत मागितला. मिनेगिशीने नकारार्थी मान हलवली. त्याने पुन्हा आत मागितला, ह्याने पुन्हा मान हलवली. मग चेंडू सुटला आणि बाहेरच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीला, मी सांगितलं तिथेच गेला. त्सुरुमाकी त्याची वाटच बघत होता. चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला आणि तिथेच सामना बदलला. पुढे आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत ओरिकासा पेटलाच होता. "कॅचर आत मागतोय आणि तू मान हलवतोस? बाहेर टाकायला कुणी सांगितलं तुला?"

मी दारातच उभा होतो. आता हा माझं नाव घेणार.

मिनेगिशीने टोपी काढली. "कुणी नाही. कुरामोची सेनपाईंनी अंगालगतच टाकायला सांगितलं होतं. मीच घाबरलो."

म्हणजे पोराला माहीत होतं! औषध काय ते सकाळीच माहीत होतं. तरी माझा शब्द मोडवला नाही त्याला, जसा त्सुरुमाकीच्या अंगावर चेंडू टाकवला नाही.

"उद्यापासून दुय्यम संघात," ओरिकासा म्हणाला.

मिनेगिशीने पिशवी उचलली आणि जाताजाता माझ्यासमोर कमरेत वाकला. "माफ करा, सेनपाई. तुमची मेहनत वाया घालवली."

इतकं मोठं मन मला सात वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. त्याही क्षणी मला त्याचा हेवा वाटला, जळजळून वाटला.

ओरिकासा माझ्याकडे वळला. "बघितलंस? तू एवढं सांगूनही कार्टं ऐकत नाही."

आणि मी मान डोलावली.