नकाशा कोण बघतंय

जेवण आटोपून ताई पुन्हा मशीनवर बसली. कापडाच्या ढिगावर ठेवलेल्या धाकटीच्या फोनला तिचा हात लागला आणि तिने तो चटकन मागे घेतला.

"अगं, फोन आहे की इस्त्री? नुसता पडून पडून एवढा तापलाय!"

"म्हातारा झालाय," सुई ओवत धाकटी म्हणाली. "सकाळी ताजातवाना, दुपारी मान टाकतो. अगदी तुझ्यासारखा."

"माझ्या वयाला ये, मग बोल."

दोघी हसल्या. धाकटी हसली याचंच ताईला अप्रूप वाटलं. परवापरवापर्यंत खुर्ची सरकली तरी ती दचकायची. आठवड्यापूर्वी ती नेसत्या कपड्यांनिशी या पडद्यांच्या दुकानाच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. मनगटावर निळे वण होते. ताईने काही विचारलं नाही. मागच्या खोलीत गादी घातली आणि रोज सकाळी कात्री हातात घेण्याआधी देवापुढे जे दोन शब्द ती बोलायची, त्यात एक मागणं वाढवलं. हिचा पत्ता हिच्या नवऱ्याला लागू देऊ नकोस, एवढंच.

माहेरीसुद्धा कळवलं नव्हतं. आईला सांगितलं की आई जावयाला सांगणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. जावयावर आईचा भारी जीव. तसा सगळ्यांचाच त्याच्यावर होता. नात्यागोत्यात त्याला 'सेटिंगवाले' म्हणायचे. कुणाचा फोन अडो, कुणाची बॅटरी उतरो, तो हसत हात पुढे करायचा, "आणा इकडे, सेटिंग करून देतो." घरच्या कार्यात पंगत बसायच्या आधी त्याच्यापुढे फोनांची रांग लागायची. पासवर्डही तोच ठरवून द्यायचा आणि कुणी विसरू नये म्हणून तोच लक्षात ठेवायचा. एवढा शिकलेला माणूस, पण गर्व म्हणून नाही, असं आई चारचौघांत सांगायची.

"बघ तरी बॅटरी कशात जाते ते," ताई म्हणाली. "आत कुठेतरी दिसतं म्हणे."

धाकटीने सेटिंग उघडलं. बॅटरी कोण किती खातंय याची यादी वर आली. ताईने चष्मा नाकावर सरकवला.

"हे सगळ्यात वरचं काय?"

"नकाशा."

"नकाशा?" ताईचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. "तू आठवडाभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाहीस. मग नकाशा कोण बघतंय?"

धाकटीचं बोट एकेक पान उघडत आत आत गेलं. शेवटच्या पानावर एक ओळ होती. तुम्ही कुठे आहात हे या व्यक्तीला सतत दिसत आहे. खाली त्याचा फोटो होता. लग्नातला, हसरा.

"बंद कर आधी ते!" ताई ओरडली आणि तिने फोनकडे झडप घातली. घरात विनाकारण जळणारा दिवासुद्धा तिला कधी सहन झाला नव्हता.

धाकटीने फोन छातीशी धरला. "नको! बंद केलं की त्याला कळतं. एकदा चुकून फोन बंद पडला होता, तर ऑफिस टाकून घरी आला. दारात उभा राहून नुसता बघत होता."

लग्नानंतर नवऱ्याला ती कौतुकाने 'हे' म्हणायची. या आठवड्यात कधीतरी त्याचा 'तो' झाला होता. ताईच्या ते आत्ता ध्यानात आलं.

"पण मग आठवडाभर आला कसा नाही?"

"तो घाई करत नाही, ताई. मागे मी न सांगता एका मैत्रिणीकडे गेले होते. कितीतरी दिवस काही बोलला नाही. मग एकदा जेवताना, वाढून घेता घेता, तिच्या दाराचा रंग सांगितला."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं. दोघींचे हात जागच्या जागी थांबले. पावलं दुकानावरून पुढे गेली.

समोर हॉटेलचे पडदे घडी घालून तयार होते. दूरच्या शहरात जायचे होते आणि टेम्पोवाले मामा आता येण्यातच होते. पडद्याच्या खालच्या दुमडीत ताई नेहमी शिशाच्या चपट्या चकत्या घालायची, म्हणजे पडदा वाऱ्याने उडत नाही. ती त्या दुमडीकडे बघत राहिली. मग तिने टाके उसवायची उसवणी उचलली.

"दे तो फोन. तो मामांबरोबर जाईल."

"रस्त्यात बॅटरी संपली तर? शेवटचा ठिपका इथून जवळच कुठेतरी राहील."

"मग टिकव ना. सेटिंगवाल्याच्या घरात नांदलीस, एवढं तरी शिकली असशील."

धाकटीने फोन चार्जरला लावला आणि कामाला लागली. उजेड अगदी मंद केला. आवाज, थरथर, कंपनीचे निरोप सगळं बंद. उघडी ॲप्स एकेक करून मिटवली. बॅटरी बचत चालू केली आणि त्या बचतीतून फक्त नकाशाला मोकळं ठेवलं. तो जागा राहायला हवा होता. ज्या डोळ्याला ती भीत होती, त्याच्याच तेलवातीची ती सोय करत होती. ताईने फोन कापडात गुंडाळून दुमडीत सरकवला आणि बारीक टाके घातले.

मामांनी गठ्ठे उचलले. "आज पडदे जड लागतायत, ताई!"

"वजनं जास्त घातलीत, मामा. तिथे वारा फार असतो म्हणे. आणि हे बघा, वाटेत कुणी काही विचारलं तर पडदे आहेत म्हणा, झालं."

"मग काय, हत्ती आहेत म्हणू?" मामा हसले आणि टेम्पो निघून गेला.

धाकटी खाली फरशीवरच बसली. किती दिवसांनी तिने पाय लांब केले. "आता एक घोट चहा टाक, ताई."

ताई उठली, तेवढ्यात इस्त्रीच्या टेबलावरचा तिचा स्वतःचा फोन वाजला. धाकटीच्या नवऱ्याचा निरोप होता.

'ताई, ती कुठे निघाली? तुम्ही तर दुकानातच दिसताय.'

तिने दोनदा वाचलं. मग फोन धाकटीपुढे धरला. धाकटीचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला.

"ताई, तुझा फोन कुणी लावून दिलाय?"

कुणी म्हणजे? त्यानेच. भावाच्या साखरपुड्यात ताईनेच आपण होऊन त्याच्या हातात दिला होता. बॅटरी आता छान टिकेल, असं तो म्हणाला होता, आणि तिने तोंडभर आशीर्वाद दिला होता. धाकटीने तो फोन उघडला, आत आत गेली. तोच हसरा फोटो. आठवडाभर दोन ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले त्याने पाहिले होते.

या वेळी बंद कर असं ताई म्हणाली नाही. एरवी खोटं न बोलणाऱ्या त्या बाईने सावकाश एकेक अक्षर टिपलं, 'भांडून गेली. कुठे ते सांगितलं नाही.' मनातल्या मनात तिने देवाची क्षमा मागितली. मग फोन चार्जरला लावून टेबलावर उभा टेकवून ठेवला, मशीनवरचा दिवा तसाच जळत ठेवला आणि धाकटीचा हात धरला.

"चप्पल घाल. मागच्या दाराने."

"आणि फोन?"

"तो बसेल दुकान सांभाळत. आपल्याला फक्त पाय हवेत."

मागच्या दाराला कडी घालताना आत फोन पुन्हा उजळला. फटीतून ताईला मोठी अक्षरं दिसली. चष्मा नीट लागत नाही म्हणून तीही त्यानेच मोठी करून दिली होती.

'असू दे. तुमचाही फोन हल्ली तापत असेल ना? येतोच, सेटिंग करून देतो. दुकानाच्या कोपऱ्यावरच आहे.'

"काय लिहिलंय?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. चल," ताई म्हणाली आणि तिने मागच्या गल्लीच्या दूरच्या टोकाकडे पाऊल उचललं. पुढच्या बाजूने, दुकानाच्या काचेवर कुणीतरी हलक्या हाताने, अगदी घरच्यासारखं टकटक केलं.