फ्लेक्सवरचे साहेब

केरबाने चौकात गाडी उभी केली आणि हेल्मेट काढायचंही विसरला. वीस फुटी फ्लेक्स. ‘चौथी गल्ली’ या रॅप ग्रुपच्या ‘पुराची रेघ’ अल्बमला हार्दिक शुभेच्छा! कोपऱ्यात केरबा आणि निशिगंधा, अंगठ्याएवढे. आणि दोघांच्या डोक्यावर हात जोडून हसणारे साहेब. प्रेरणास्थान.

तीन वर्षं खपून लिहिलेली अल्बममधली नऊच्या नऊ गाणी साहेबांवरच होती. नाव न घेता. नदीच्या पट्ट्यात भराव टाकून त्यांनी प्लॉट कसे पाडले, पुरात बोटीतून आधी कॅमेरा आणि मग बिस्किटं कशी उतरली. अठरा वर्षं दोघं रॅप करत होती. केस पिकले, गळे बसले, पण एवढं खरं कधी लिहून झालं नव्हतं.

“राजवर्धन, हे काय केलंस रं?”

फ्लेक्स लावणारा राजवर्धन, चौकातल्या तालमीचा अध्यक्ष, दारातल्या खुर्चीतून उठला. “का? फोटो बारीक आला व्हय तुझा?”

“साहेब कशाला लावलास?”

“आता! साहेबांबिगर फ्लेक्स असतोय व्हय? बारशाला लावतोय, दहावीला लावतोय. परवा कुत्र्याच्या वाढदिवसाला लावला की.”

“गाणी ऐकलीस का?”

“एक नंबर! चौथं तर लईच जाळ हाय. कुणावर हाय ते?”

पोराच्या कौतुकात जराही खोट नव्हती, म्हणून तर केरबाला त्याचा गळा धरता येईना.

“उतरव ते.”

“आता कसं? साहेब स्वतः येणार हाईत प्रकाशनाला. फ्लेक्स बघून त्यांचाच फोन आलता.”

केरबा कार्यक्रमच मोडायला निघाला होता. निशिगंधा म्हणाली, “येऊ दे की. चौथं तोंडावर म्हणू. बघू कसा हसतोय.”

संध्याकाळी दोघांनी जीव तोडून म्हटलं,

“रेघ भिंतीवर, आमच्या डोक्याच्या वर,
प्लॉट तुमचे कोरडे, बुडालं आमचं घर!”

सोफ्यावर साहेब अंगठीने ठेका धरून होते. संपताच पहिली टाळी त्यांचीच. माईक घेऊन म्हणाले, “आमच्या पोरांनी पुराचं दुःख मांडलं. विरोधकांनी कान उघडून ऐकावं!” सेहेचाळीस वर्षांच्या ‘पोरा’च्या, केरबाच्या, खांद्यावर शाल पडली. निशिगंधाच्या हातात नारळ.

केरबाने माईक ओढला. “साहेब, गाणं तुमच्यावर हाय. प्लॉट तुम्हीच पाडलेत.”

शिट्ट्या पडल्या. “वन्स मोअर!” राजवर्धन ओरडला. लोकांना वाटलं, पुढचं कडवं.

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बीट बंद करायची खूण केली. यमक नाही, ताल नाही, सात-बारा वाचावा तसं एकेक वाक्य पुन्हा म्हटलं. नाव घेऊन.

अंगठी थांबली.

“केरबा,” राजवर्धन पडलेल्या आवाजात म्हणाला, “खरंच म्हणतुयास व्हय?”

“मग काय,” निशिगंधाने नारळ त्याच्या हातात दिला, “तीन वर्षं बसून आरती लिवत हुतो व्हय रं आम्ही?”