चार कोटी वर्षांची हद्द

मी युसूफ वडगावच्या शिवारातला हद्दीचा दगड बोलतोय. जमिनीतून उकळता रस वर आला, थिजला, काळा पडला, तोच मी. माझी जन्मतारीख कुणी लिहिली नाही, कारण तेव्हा लिहिणारं कुणी नव्हतं. ती उणीव माणसांनी पुढे भरून काढली.

बाजारात पाद्रीबुवांनी पृथ्वीचं वय सांगितलं सहा हजार वर्षं. भटजींनी पंचांग उघडून एकशे पंच्याण्णव कोटी काढली. मग अर्जुनराव मास्तरांनी पेपरात वाचलं, की विलायतेतल्या विद्वानांनी पृथ्वी किती निवली याचा हिशेब करून फार तर चार कोटी ठरवलीत. प्रत्येकाचा आकडा पक्का होता. मला कुणी विचारलं नाही.

माझा मुक्काम छबुबाई आणि तिचे चुलतदीर सुंदरराव यांच्या रानांच्या मधे. नवऱ्यामागे छबुबाई एकटीच रान कसत होती. एका बाजाराच्या दिवशी ती केजला गेलेली पाहून सुंदररावांनी गड्यांकरवी मला वीस हात तिच्या रानात सरकवलं. तिची विहीर त्यांच्या हद्दीत आली. हद्दीवर रोवल्यापासून मी पहिल्यांदाच प्रवास केला, तोही चोरीचा.

छबुबाईच्या तक्रारीवरून निजाम सरकारचे गिरदावर, म्हणजे महसुलाचे तपासनीस, सलीमसाहेब चौकशीला रानात आले. सुंदररावांनी साक्षीला मास्तरांना उभं केलं. मास्तरांनी माझ्यावर हात ठेवून सांगितलं, दगड चार कोटी वर्षांचा. पृथ्वीचं, म्हणजे आईचं वय लेकाला लावलं. पण विद्वानाला कोण अडवणार?

सुंदरराव म्हणाले, "बगा सायब, चार कोटी वर्षांची हद्द हाय. हिचं लगीन तर काल झालं."

जमलेल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. गिरदावरांनी आकडा लिहूनही घेतला.

छबुबाई पुढं आली. "दगड लई म्हातारा हाय सायब, न्हाई कोन म्हणतं? पर हितं कवा आला ते बगा. बुडाला उकरा, कोळसा घावतो का."

हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरायची इथली रीत. तो कुजत नाही. माझ्याखाली नुसती माती निघाली. छबुबाईनं वीस हातांवर दाखवलेल्या जागी टोपलीभर कोळसा निघाला. सलीमसाहेबांनी चार कोटी वर्षं एका रेघेत खोडली. विहीर छबुबाईची राहिली, मी जागेवर आलो.

परवा मास्तर नवा पेपर घेऊन आले. रेडियम नावाच्या कसल्याशा धातूमुळं पृथ्वी आता दीडशे कोटींच्या पुढं गेली म्हणे. भटजी गालात हसले. सुंदरराव मात्र गंभीर होते. "मास्तर, वय वाढलंय, तर अपील करता येतं का हो?"

तेव्हा बाबांनो, माझं वय खुशाल वाढवा, घटवा. मी रागावणार नाही. फक्त मोजताना मला उचलू नका.