डावा कान

सुई बाहेर काढून डॉक्टरीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. औषध कानातच राहिलं पाहिजे.

राधाकिशन उजव्या कुशीवर पडला होता. पडद्यातून आत गेलेल्या औषधानं खोली गरकन फिरून थांबली, आणि घशात कडू उतरायला लागलं. उजवा कान उशीत दबलेला, डावा बंद. बाई आणि त्याची बायको, दोघींचे नुसते ओठ हलताना दिसत होते. त्याची बोटं मात्र टेबलाच्या कडेवर भजनी ठेका धरून होती.

“लवकर आणायला हवं होतं, मावशी. अचानक गेलेल्या कानाला पहिले दिवस फार मोलाचे.”

“सप्ता बसला व्हता ना बाई. पखवाज ह्यांच्याकडंच. म्हनले, काल्याचं कीर्तन होऊ दे, मग बघू. सर्दीच हाय म्हून म्या लसणाचं तेल सोडलं.” सुभद्राबाईनं नवऱ्याची बोटं हातात धरून गप्प केली. “देवाच्याच कामात व्हते. देव बघंल.”

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

घाटनांदूरला राधाकिशनची पिठाची गिरणी. पण गावाला तो ठाऊक पखवाजामुळे. महाराज कितीही मोठे असोत, त्याची थाप पडल्याशिवाय अभंगाला हात घालत नसत.

तिसऱ्या इंजेक्शननंतर बंद खोलीत पुन्हा कान तपासला. निम्म्याहून जास्त ऐकू यायला लागलं होतं. सुभद्राबाईनं मारुतीला नारळ फोडला आणि गिरणीवर येईल त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

त्याच सांजेला राधाकिशननं पखवाज मांडीवर घेतला. थाप दिली. हातोडीनं पुडीचं कातडं ताणणारा लाकडी गठ्ठा ठोकला, परत थाप दिली, परत ठोकला. मग हातोडी खाली ठेवली.

“कावून थांबलात?”

“दोन वाजतेत.”

“काय दोन?”

“थाप एक, आवाज दोन. उजव्या कानात पुडी सुरात हाय, डाव्यात तीच उतरलेली. खरी कोन्ती धरू?”

“पेटीवाल्याला लावाया सांगा की,” सुभद्राबाई म्हणाली.

“लावून दील. वाजवताना ऐकायचं मलाच हाय ना.”

पुन्हा अंबाजोगाईचा दवाखाना गाठला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “कधी कधी कान असा परततो, काका. सवय होईल, कदाचित. पण याच्यापुढं माझ्याकडे औषध नाही.”

“बंद व्हता तवा निदान एकच सूर व्हता,” राधाकिशन हसून म्हणाला. बाई कागद आवरत राहिल्या.

एकादशीच्या सकाळी तो चुलीपाशी आला. “पखवाजाची कणीक आज चिमूटभर जास्त मळ.”

“पुडी वाळली का?”

“मळ तर खरं.”

संध्याकाळी देवळात टाळकरी उभे राहिले, महाराजांनी उपरणं सारखं केलं. राधाकिशननं पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धुमेवर, कणीक थापली, बोटानं गोल फिरवली. उरलेली चिमूट दोन बोटांत वळली. टोपी नीट करावी तसा हात वर नेला, आणि ती गोळी डाव्या कानात आतवर दाबून बसवली. एकदा थाप देऊन पाहिली. मग त्यानं महाराजांकडे बघून मान हलवली.

बायकांत बसलेल्या सुभद्राबाईनं सगळं पाहिलं. गजर उठला, तसे सगळ्यांसारखे तिनंही टाळीला हात वर केले. नखांत सकाळची कणीक वाळून बसली होती.