आखूड दोरा

माझी बायको पार्वतम्मा गेली तेव्हा तिचं इष्टलिंग तिच्या हातात ठेवून आम्ही माती दिली. आम्हा लिंगायतांत तशी रीत आहे. ज्या चांदीच्या डबीत ते गळ्यात असायचं, ती करडगी मात्र माझ्याकडं राहिली. तिचा दोराही मी काढला नाही. दुकानाच्या पेटीत, तिच्या एका खणाच्या घडीत ती ठेवली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हतो.

तिच्या छातीत गाठ झाली होती. दुखत नव्हती म्हणून तिनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. करडगी तिथं टेकते, घासते, त्यानंच ती आली असं तिला वाटलं. मलाही ते पटलं. तिनं दोरा दुमडून टाके घातले आणि करडगी वर घेतली. काही महिन्यांनी पुन्हा, मग आणखी एकदा घेतली. जखम झाली तेव्हा हकीम झाले, अंगारे झाले, आणि मग ती गेली.

दुसरी मोठी लढाई संपली, त्यानंतरच्या पौषात मी अणदूरचं दुकान बंद ठेवून नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेत पाल टाकलं. सुया, दोरे, कुंकू, करदोडे, आणि ती पेटीही बरोबर घेतली. या जत्रेला आमच्या मोगलाईतली, सोलापूरकडच्या इंग्रजी मुलखातली आणि अक्कलकोट संस्थानातली माणसं येतात. निम्मी मराठी बोलतात, निम्मी कानडी.

त्या साली सोलापूरच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बायकांसाठी तंबू लावला होता. आम्हा दुकानदारांकडं येऊन त्या सांगून गेल्या, की गिऱ्हाईक बायकांना तिकडं पाठवा. लढाईच्या आधी देशोदेशीचे डॉक्टर समुद्रापलीकडं जमले होते म्हणे. कॅन्सर नावाचा रोग लपवल्यानं वाढतो, तेव्हा तो लोकांना उघड सांगितला पाहिजे, असं तिथं बोलणं झालं. दुखत नसलेली गाठच आधी दाखवावी, एवढं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

शेजारी ईरण्णाचं पेढ्याचं दुकान होतं. तो म्हणाला, “आपल्या जत्रेला तीन सरकारांची माणसं येतात, त्याचं आपल्याला केवढं कौतुक. बाईंच्या त्या डॉक्टरांच्या जत्रेला तर सगळी दुनिया आली हुती.”

तो हसला. मला हसू आलं नाही. ते बोलणं ऐकल्यापासून मी पेटीकडं बघत होतो.

तंबूत फारसं कुणी जात नव्हतं. बायका दारापर्यंत जायच्या, आत छातीचं काही बोलणं चाललंय असं कळलं की तोंडाला पदर लावून परत फिरायच्या.

माझी लेक शिवगंगा अक्कलकोटला दिलेली. सासूबरोबर देवाला आली आणि रात्री माझ्या पालात राहिली. सकाळी आम्ही दोघं पूजेला बसलो. तिनं लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, बेल वाहिला आणि परत करडगीत ठेवलं. करडगी तिच्या गळ्याच्या खळग्याशी येऊन टेकली. दोरा दुमडून लाल टाके घातलेले होते.

पूजा झाल्यावर मी विचारलं, “दोरा आखूड केलास?”

“खाली रुततंय, अप्पा.”

बापानं लेकीला याच्यापुढं काय विचारायचं? मी पेटी उघडली, खणाची घडी काढली आणि करडगी तिच्या ओटीत ठेवली.

“अव्वाची हाय. दोरा बघ.”

तिनं दोरा बोटांवर घेतला. एका दुमडीला लाल टाके, दुसरीला काळे, तिसरीला पांढरे. दुकानात जो दोरा हाताशी यायचा तो पार्वतम्मा वापरायची. शिवगंगानं आपल्या गळ्यातला दोरा चाचपला.

“मला दुखत न्हाय, अप्पा.”

“तिलाबी दुखत नव्हतं.”

“सासूबाईंला काय सांगू?”

“बापाला बरं न्हाय म्हण. त्याला घेऊन तंबूत गेले म्हण.”

“तो बायकांचा तंबू हाय,” ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता थोडी हसली.

मी तिच्याबरोबर गेलो आणि बाहेर चपलांपाशी बसून राहिलो. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ लहान आहे, जत्रा संपायची वाट बघू नका, म्हणाल्या. दुकान ईरण्णावर टाकून दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीनं सोलापूरला गेलो. तिथं गाठ कापून काढली. होता तोच रोग, पण काखेत उतरला नव्हता. पुढं काय होईल ते कुणीच सांगत नाही. तपासायला येत राहा, एवढं सांगितलं. सासूला सगळं खरं मीच जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शिवगंगाला प्यायला दूध चालतं का, असं विचारलं.

पुढच्या पौषात शिवगंगा आली. तब्येत बरी होती. तंबू त्याच जागी होता आणि बायका तशाच दारातून परत फिरत होत्या. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग माझ्या पालात येऊन म्हणाली, “अप्पा, अव्वाची करडगी द्या.”

“कशाला?”

“नुसतं बोलून आत जात न्हाईत. मी तरी गेले असते का?”

मी खण उलगडला. द्यायला हात लवकर निघाला नाही. ती थांबली, घाई केली नाही. मग मी दिली.

ती तंबूच्या दाराशी उभी राहून अव्वाचं आणि आपलं मराठीत सांगायची, कानडीत सांगायची आणि दोरा बायकांच्या हातात द्यायची. बायका ते टाके चाचपून बघायच्या. काही निघून गेल्या, काही आत गेल्या. मी गिऱ्हाइकं करत लांबून बघत होतो.

संध्याकाळी तिनं करडगी आणून दिली. देवाला जाऊन आलेल्या बायकांचे हात लागून दोरा भंडाऱ्यानं पिवळा झाला होता. ती म्हणाली, “धुऊन देते.”

मी नको म्हणालो. उद्याही लागणार होता.